मणक्यात पसरलेला कॅन्सर: पेशंट किती जगतो, चालतो का, आणि नातेवाईक फोनवर विचारतात ते बाकीचं सगळं

गेली काही वर्षं मला फोन येतात. आधी नात्यातले यायचे, मग गावचे, आता गाववाल्यांच्या ओळखीच्यांचेही येतात आणि सुरुवात सगळ्यांची एकच, "एमआरआय केला, मणक्यात गाठ आलीय, पसरलंय म्हणतात, किती दिवस आहेत?" प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांना, अण्णांना, प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो पाठीच्या डी ८, म्हणजे छातीमागच्या आठव्या, मणक्यासकट चार मणक्यांत उतरला होता. त्यांच्याबरोबर तीन वर्षं ओपीडीच्या बाकांवर बसलो, डॉक्टरांना भंडावून सोडलं, घरी येऊन वाचलं, त्यातून जे कळलं ते इथे आहे. तुमच्या पेशंटचा निर्णय त्याची फाईल समोर असलेला डॉक्टरच घेणार.

मणक्यात कॅन्सर पसरला म्हणजे नक्की कुठे?

आपण बोलताना मणका, पाठीचा कणा, मज्जारज्जू सगळं एकच धरतो. मणका म्हणजे हाड. त्या हाडांच्या बोगद्यातून जो पांढरा दोर खाली येतो तो मज्जारज्जू, साधारण करंगळीएवढा जाड आणि ४५ सेंटिमीटरच्या आसपास लांब, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, पुढे नुसत्या नसांचा झुबका. गाठ हाडात असू शकते, दोराच्या आवरणात असू शकते किंवा थेट दोराच्या आत. दुसरीकडून पसरून आलेला कॅन्सर बहुतेक वेळा हाडात बसतो आणि तिथून दोराला दाबतो. बोगदा हाडाचा, तो काही फुगत नाही, मग दबतो तो दोरच.

फुफ्फुस, स्तन आणि प्रोस्टेट हे तिघं मणक्यात सगळ्यात जास्त जातात. त्यांच्या मागोमाग किडनी, थायरॉईड आणि मायलोमा, हा शेवटचा तर हाडाच्या मगजातलाच. प्रोस्टेटचं एक कारण मला फार उशिरा कळलं, की ओटीपोटातल्या शिरांचं मणक्याभोवतीच्या शिरांशी थेट कनेक्शन असतं आणि त्या शिरांना झडपाच नसतात, खोकलं, कुंथलं की रक्त उलटंही जातं.

बरं ते सगळं ठीक, किती दिवस ते सांगा.

एक आकडा नाही, आणि कुणी फोनवर पटकन आकडा सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मज्जारज्जू दबलेल्या सगळ्या पेशंटना एकत्र मोजलं तर मधला आकडा ३ ते ६ महिने येतो, इंटरनेटवर सगळ्यांना पहिला सापडतो तोही हाच आणि तो बघूनच माणसं खचतात. पण त्या एका आकड्यात फुफ्फुसाचा शेवटच्या टप्प्यातला पेशंट आणि मायलोमाचा अजून एकही औषध न घेतलेला पेशंट एकाच पोत्यात भरलेत. फुफ्फुसाच्या कॅन्सरला बरेचदा काही महिनेच मिळतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये वर्ष, दोन वर्षं आणि त्यापुढेही बायका जगतात. प्रोस्टेटमध्ये मुख्य प्रश्न असा की हार्मोनचा उपचार, म्हणजे पुरुषी हार्मोन खाली आणायचा, आधी झालाय का. झालेला नसेल तर एक मोठं हत्यार अजून शिल्लक आहे. अण्णांचं तेच होतं, म्हणून त्यांना ३ वर्षं २ महिने मिळाले. लिम्फोमा (रसग्रंथींचा कॅन्सर) आणि मायलोमावाल्यांना औषध चांगलं लागू पडतं, त्यांना वर्षांच्या हिशोबात मोजतात.

फुफ्फुसाचं सुद्धा आता सरसकट नाही राहिलं. गाठीच्या तुकड्यात ईजीएफआर किंवा एएलके असा जनुकातला बदल निघाला तर रोजच्या गोळीवर पेशंट वर्षानुवर्षं राहिल्याची उदाहरणं आहेत. म्हणून बायोप्सीचा तुकडा पुढच्या टेस्टला गेलाय का, हे स्वतःहून विचारा, घाईगडबडीत ते राहून जातं.

मधला आकडा म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले सहा महिने, मग सातव्या महिन्यात काय?

शंभर पेशंट रांगेत उभे केले तर पन्नासाव्याच्या आसपास जो आहे त्याचा तो आकडा. निम्मे त्याच्या आधी जातात आणि निम्मे त्याच्यानंतरही असतात, काही तर खूप नंतरही. तुमचा माणूस रांगेत कुठे उभा आहे ते तो आकडा सांगत नाही. आमच्या एका मामांनी "सहा महिने" हे वाक्य इतकं मनावर घेतलं होतं की सहावा महिना लागला तशी त्यांनी सगळ्यांना सुट्ट्या काढायला लावल्या, आणि अण्णा ओटीवर बसून शेंगा फोडत होते.

डॉक्टर हा अंदाज काढतात कसा?

टोकुहाशी म्हणून एक जपानी स्कोअर आहे, १९९० चा, २००५ मध्ये सुधारला. सहा गोष्टी बघतात: पेशंटची एकंदर तब्येत, मणके सोडून बाकी हाडांत किती ठिकाणी आहे, किती मणक्यांत आहे, लिव्हर-फुफ्फुसासारख्या अवयवात गेलंय का, मूळ कॅन्सर कुठला, आणि पायात लुळेपणा किती. एकूण १५ मार्क. ८ किंवा कमी आले तर सहा महिन्यांपेक्षा कमी, ९ ते ११ ला सहा महिने आणि वर, १२ पासून पुढे वर्षभर किंवा जास्त, असा ढोबळ हिशोब. नवी औषधं यायच्या आधीचा तो आहे, त्यामुळे बरेच डॉक्टर तो ऑपरेशन झेपेल का हे ठरवायला वापरतात, भविष्य सांगायला नाही. दुसरा एक सिन्स नावाचा स्कोअर असतो, ० ते १८, तो आयुष्याचा नाही, हाड कोसळेल का त्याचा. १३ किंवा जास्त असला की मणका डळमळीत धरतात, सर्जनला मात्र ७ पासूनच दाखवतात.

चालता येईल का? आणि त्याचा जगण्याशी काय संबंध?

मला विचाराल तर "किती दिवस" च्या आधी हा प्रश्न विचारायला पाहिजे. उपचार सुरू झाला त्या दिवशी पेशंट पायावर होता का, यावर पुढचं बरंचसं ठरतं, चालणं तर ठरतंच पण आयुष्यही. चालत आलेल्यांपैकी बहुतेक जण उपचारानंतरही चालतात. दोन्ही पाय पूर्ण गेल्यावर आले तर नुसत्या रेडिएशनवर दहात एखादाच परत उभा राहतो. आणि पाय जाऊन दोन दिवस उलटले की शक्यता अजून घसरते.

आमचं इथेच चुकलं. दीड महिना अण्णांची पाठ दुखत होती, आडवं झालं की जास्त, रात्री उठून बसायचे. जवळच्या दवाखान्यात गोळ्या आणि कमरेचा पट्टा मिळाला, वर एकाकडून मालीश पण करून घेतली. मग एक दिवस अंगणातून ओटीवर येताना उजव्या पायातली चप्पल पायरीवरच राहिली आणि ते तसेच आत येऊन बसले. आई म्हणाली, "अहो, चप्पल कुठाय?" तर खाली बघायच्या आधीच म्हणाले, "आहे की पायात." आम्ही हसलो. वय झालं म्हणालो. पायाला चप्पल आहे की नाही तेच त्यांना कळत नव्हतं, हे आमच्या डोक्यात आलं नाही, आणि चौथ्या दिवशी जिना चढता येईना तेव्हा एमआरआय झाला.

मग कुठली लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

आधी कॅन्सर झालेला माणूस, भले पाच-सात वर्षांपूर्वीचा असो, त्याला नवीन पाठदुखी सुरू झाली तर ती साधी धरायची नाही. दहातल्या नऊ जणांना आधी दुखतंच आणि बाकी सगळं मागून येतं. दोन खांद्यांच्या मधे दुखणं, रात्री किंवा झोपल्यावर वाढणं, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, खोकलं की कळ जाणं. मग पाय जड होणं, मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवी तुंबणं किंवा कळायच्या आत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा. पाय किंवा लघवीची तक्रार सुरू झाली की त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल, इंग्लंडातली गाईडलाईन सुद्धा अशा वेळी २४ तासांत एमआरआय म्हणते. आणि एमआरआय पूर्ण कण्याचा करा, नुसत्या कमरेचा नको. दुखतं एकीकडे आणि गाठ असते वर, शिवाय एकाहून जास्त जागी असू शकते. निम्म्याहून जास्त वेळा ती पाठीच्या मधल्या भागात असते आणि आपल्याकडे एमआरआय होतो कमरेचा, कारण पेशंट म्हणतो कंबर दुखते.

हाडवैद्य, मालीश, कडाकडा मोडून घेणं, हे सगळं बंद. पोखरलेलं हाड एका झटक्यात बसू शकतं.

मणक्यात गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच का? शेजारी म्हणतात टीबी असेल.

असू शकतो, आणि शेजाऱ्यांना हसू नका, आपल्या देशात मणक्याचा टीबी भरपूर आहे. टीबी बहुतेक वेळा दोन मणके आणि मधली चकती असं सगळंच खातो, कॅन्सर सहसा चकती सोडून देतो. रेडिऑलॉजिस्टला अंदाज येतो पण शिक्कामोर्तब बायोप्सीनेच. सुईने गाठ छेडली की कॅन्सर पसरतो ही भीती घेऊन बायोप्सी टाळणारे मी तीन तरी बघितले, त्यातल्या एकाला टीबी निघाला आणि तो गोळ्या खाऊन आज रिक्षा चालवतो.

ऑपरेशन करायचं का नुसतं रेडिएशन?

यावर एक गाजलेली अमेरिकन ट्रायल आहे, २००५ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आली, १०१ पेशंट. निम्म्यांना आधी ऑपरेशन करून दाब काढला मग रेडिएशन, बाकीच्यांना नुसतं रेडिएशन. ऑपरेशनवाल्यांत ८४ टक्के चालू शकले, दुसऱ्या गटात ५७. चालणं टिकलं ते एकीकडे मधला आकडा १२२ दिवस आणि दुसरीकडे १३. हा फरक प्रचंड आहे. पण आयुष्य बघा, १२६ दिवस आणि १०० दिवस. म्हणजे ऑपरेशनने दिवस थोडे वाढले, पण आहेत त्या दिवसांतले चालते दिवस खूप वाढले.

आता लगेच सर्जनच्या मागे लागू नका. त्या ट्रायलमध्ये दाब एकाच भागात असलेले, तीन महिने तरी जगतील असे आणि पाय जाऊन ४८ तास न उलटलेले पेशंटच घेतले होते. लिम्फोमा-मायलोमावाले घेतलेच नव्हते कारण ते रेडिएशनला विरघळतात. किडनी, मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर), सार्कोमा (हाड-स्नायूंचा) हे उलट चिवट, तिथे ऑपरेशन किंवा नेमका मारा करणारं हाय डोस रेडिएशन, ज्याला एसबीआरटी म्हणतात, याचा विचार होतो. अण्णांचे चार मणके धरले होते आणि हार्ट कमजोर, त्यामुळे ऑपरेशन नाही झालं. रेडिएशन दिलं, आणि हार्मोन लगेच खाली यावं म्हणून वृषण काढायचं छोटं ऑपरेशन. त्याला अण्णा आधी नाही म्हणाले. रात्रभर गप्प होते. सकाळी म्हणाले, "पाय ऱ्हातील म्हणतायत ना? मग करा."

शेक (रेडिएशन) एकदाच देणार म्हणाले, दुसऱ्याला दहा दिले. आम्हाला गरीब म्हणून कमी देतायत का?

नाही हो. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात ६८६ पेशंटवर तपासलंय, २०१९ ला छापून आलं. एकदाच ८ ग्रे (हे रेडिएशनचं माप), किंवा पाच दिवसांत २० ग्रे. आठ आठवड्यांनी चालणारे पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ७३. दोन्ही अगदी सारखेच असं काटेकोरपणे सिद्ध झालं नाही, पण फरक छोटा आहे. ज्याच्या हातात थोडेच महिने आहेत त्याला पाच दिवस स्ट्रेचरवरून ने-आण करण्यापेक्षा एकदाच देणं हा माणुसकीचाही निर्णय असतो. ज्याला वर्षं मिळणार आहेत त्याला सहसा जास्त दिवसांचा कोर्स देतात, म्हणजे तिथे परत वाढायची शक्यता कमी.

स्टेरॉईड चालू केलंय, भीती वाटते.

डेक्सामेथासोन. सूज उतरवून दोराला श्वास घ्यायला जागा देतं, बहुतेक ठिकाणी दिवसाला १६ मिलीग्रॅमपासून सुरू करतात आणि मग उतरवत नेतात. मनाने बंद करू नका, एकदम तर नाहीच. शुगर रोज बघा, अण्णांची ३८० ला गेली होती आणि त्यांना कधी डायबेटिस नव्हता. झोप उडते, भूक खवळते. रात्री दोन वाजता शिरा मागायचे. आई करून द्यायची.

आमच्या पेशंटचा कॅन्सर मज्जारज्जूतच सुरू झालाय, दुसरीकडून आलेला नाही. तिथे काय?

हे वेगळं प्रकरण आहे, आणि यातले बरेच जण वरचे आकडे वाचून उगाच घाबरतात. मज्जारज्जूच्या स्वतःच्या गाठी दुर्मीळ, मेंदू आणि मज्जारज्जूच्या सगळ्या गाठींत जेमतेम २ ते ४ टक्के. मोठ्या माणसांत दोराच्या आत सगळ्यात जास्त एपेंडायमोमा, लहान मुलांत अॅस्ट्रोसायटोमा. साधा एपेंडायमोमा पूर्ण काढता आला तर पाच वर्षांनंतर दहातले नऊ जण असतात. अॅस्ट्रोसायटोमा दोरात मुरलेला असतो, पूर्ण निघत नाही, कमी ग्रेडचा असेल तर तरी वर्षं मिळतात, ग्लिओब्लास्टोमा (सगळ्यात वरच्या ग्रेडचा) असेल तर मधला आकडा वर्षभराच्या आसपासच. रिपोर्टमध्ये एच३ के२७ हा बदल सापडला असं लिहिलं असेल तर ती गाठ चौथ्या ग्रेडची धरतात, सूक्ष्मदर्शकाखाली कितीही साधी दिसली तरी.

या गाठी लिव्हर-फुफ्फुसात क्वचितच जातात. त्या पसरतात पाण्यातून, म्हणजे मेंदू आणि कण्याभोवती जे पाणी खेळतं त्यातून, बी वाहत जाऊन खाली रुजावं तसं. पण पसरणं म्हणजे सगळीकडे एकच अर्थ नाही बरं का. शेपटीकडे होणारा मिक्सोपॅपिलरी एपेंडायमोमा पाण्यातून पसरलेला असूनही माणसं वर्षानुवर्षं नोकऱ्या करतात. उलट एमवायसीएन नावाचं जनुक वाढलेला एपेंडायमोमा झपाट्याने पसरतो आणि परत परत येतो. लहान मुलांचा मेड्युलोब्लास्टोमा मेंदूत सुरू होऊन कण्यात ठिपके टाकतो, तरी पूर्ण डोकं आणि कण्याला रेडिएशन आणि केमो पूर्ण झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त पाच वर्षं पार करतात. म्हणून "पसरलाय" ऐकलं की पुढचा प्रश्न, कुठल्या जातीचा?

कॅन्सर बाहेरून येऊन थेट दोराच्या आत किंवा त्या पाण्यात गेला असेल तर?

इथे मी गोड बोलणार नाही. दोराच्या आत जाणं फार कमी वेळा होतं, त्यातले निम्मे फुफ्फुसाचे, आणि बहुतेकांना काही महिनेच मिळतात. पाण्यात पसरला आणि उपचार झेपत नसतील तर आठवड्यांचा हिशोब, उपचारांनी महिन्यांचा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आणि गोळी लागू पडणाऱ्या फुफ्फुसात जरा जास्त. घरी कुणाला यायचं असेल तर बोलावून घ्या, अमेरिकेतल्या मुलाला "सुट्टी मिळाली की ये" सांगू नका.

माणूस शेवटी जातो कशाने?

मणक्यातली गाठ स्वतः क्वचितच जीव घेते, मानेत वरती असेल तर श्वासावर येतं तेवढंच. बाकी एकतर मूळ कॅन्सर वाढतो, नाहीतर आडवं पडल्यामुळे जे होतं ते: न्यूमोनिया, पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाणं, कॅथेटरमधून लघवीचं इन्फेक्शन, बेडसोर. ही दुसरी यादी बरीचशी घरच्यांच्या हातात आहे म्हणून तिथे जीव ओता. दर दोन तासांनी कूस बदला. मणका डळमळीत असेल तर नर्सने आम्हाला शिकवलं तसं, एकाने डोकं-खांदे, एकाने कंबर, एकाने पाय, तीन म्हटलं की चादरीसकट ओंडक्यासारखं एकदम वळवायचं, मधेच पीळ पडता कामा नये. एअर बेड भाड्याने मिळतो. टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघायचं, लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर जखम सुरू झालीय. गरम पाण्याची पिशवी बधिर पायाला लावू नका, आमच्या वॉर्डात एका आजींची पोटरी भाजली आणि त्यांना कळलंसुद्धा नाही.

मॉर्फिन दिलं की शेवट आला ना?

नाही. दुखणं खूप आहे एवढाच त्याचा अर्थ. अण्णा सव्वा वर्ष मॉर्फिनवर होते आणि त्यात नातवाचं बारसं जेवून आले. दुखण्यासाठी नीट डोसमध्ये घेतलं तर व्यसनाची भीती फार धरू नका. बद्धकोष्ठ मात्र हमखास, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मिळायला पूर्वी फार त्रास होता, २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त हॉस्पिटलं देऊ शकतात, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल अशी आशा ठेवू नका. पॅलिएटिव्हवाल्यांकडे, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्यांकडे, लवकर जा, उपचार चालू असतानाच. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून आहे, पैसे घेत नाहीत. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून, त्यांचं गोव्यातही आहे.

पेशंटला सांगायचं का?

आम्ही दोन महिने लपवलं. "मणक्यात गॅप आहे" सांगितलं. मग एक दिवस त्यांनीच मला बसवलं आणि म्हणाले, टाटाच्या गेटातून आत नेलंस तेव्हाच कळलं की रे मला, तुम्ही बोलत नव्हता म्हणून मी पण बोललो नाही. त्यानंतर त्यांनी तलाठ्याकडची कामं उरकली, सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं लावून घेतली, आणि चुलत्याशी अकरा वर्षांचा अबोला होता तो मोडला. सगळ्यांनाच सगळं सांगावं असं नाही, काहींना नको असतं, पण विचारा तरी, "तुम्हाला किती सांगू?"

पैशाचं कसं करायचं?

महात्मा फुले योजनेत रेडिएशन, केमो, ऑपरेशनची पॅकेजेस आहेत, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, तेही उपचार सुरू व्हायच्या आधी, नंतर भांडून उपयोग होत नाही. रेल्वेत उपचाराला जाता-येता कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत, सोबतच्या एकाला ७५ टक्के, डॉक्टरकडून त्यांच्या फॉर्मवर सही घ्यावी लागते. परळला राहायचा प्रश्न असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, नंबर लागायला वेळ लागतो.

वॉकर, कमोड चेअर, व्हीलचेअर विकत घ्यायचं का?

शक्यतो नको. भाड्याने मिळतं, गणेश मंडळांकडे असतं, नाहीतर ज्यांचा पेशंट गेला त्यांच्या माळ्यावर पडलेलं असतं, मागायला लाजू नका, त्यांना ते नजरेसमोरून जायलाच हवं असतं. आमचा वॉकर अण्णांच्या नंतर तिघांकडे फिरून आला. एक पाय जरासा वाकलाय आणि खालचे रबरी बूट दोनदा बदललेत, सध्या वाईला एका बाईंकडे आहे.